संरक्षण व इशारा यंत्रणांची देखभाल

चोरी, आग, धूर, वायूची गळती यांसारख्या धोक्यांची चाहूल घेऊन घंटा, भोंगा, दिवा किंवा दूरध्वनी यांच्या द्वारे माणसांना सावध करणाऱ्या साधनसमूहाला संरक्षण व इशारा यंत्रणा म्हणतात. अशी यंत्रणा बसविल्यानंतर ती ठराविक काळाने तपासणे, स्वच्छ करणे, तिच्यातील झिजलेले भाग बदलणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे यांचा समावेश तिच्या देखभालीत होतो. पंखा, पंप, चक्की यांसारखी यंत्रे बंद पडली की ती वापरणाऱ्याच्या तत्काळ लक्षात येते, कारण त्यांचे काम थांबते. इशारा यंत्रणेचे तसे नसते. धोका नसताना ती गप्प असते आणि बिघडल्यावरही ती गप्पच असते. म्हणून तिच्या मौनावरून तिच्या प्रकृतीविषयी काहीच कळत नाही. देखभालीची आवश्यकता प्रामुख्याने या एका गुणधर्मातून उद्‌भवते. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि कापसाचा व्यवसाय यांमुळे हा प्रश्न विशेष स्वरूप धारण करतो.

इतिहास : यांत्रिक साधने येण्यापूर्वी राखणीचे काम माणसेच करीत. वऱ्हाडातील गावगाड्यात ते जागल्याकडे असे. खजिना, तुरुंग, पोलीस ठाणे अशा ठिकाणी पहारेकरी दर तासाला टोले देत. या टोल्यांनी लोकांना वेळ कळे, शिवाय पहारा जागा असल्याची ग्वाहीही मिळे. टोला चुकला तर वरिष्ठाला चौकशी करता येई. राखणदाराने आपण जागे असल्याचा पुरावा वारंवार दिला पाहिजे, हे तत्त्व आधुनिक यंत्रणांच्या देखभालीलाही लागू पडते.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर यांच्या प्रयत्नांतून १८५२ मध्ये आगीची सूचना तारायंत्राने देणारी यंत्रणा सुरू झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टस रसेल पोप यांनी दारे-खिडक्यांना जोडलेल्या विद्युत् घंटेचे एकस्व मिळविले. दार उघडताच विद्युत् मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. या रचनेत तार तुटली किंवा घटमाला संपली, तर घंटा वाजत नसे व ते कोणाला समजतही नसे. हा दोष दूर करण्यासाठी पुढे बंद मंडलाची रचना प्रचारात आली. तीत तारेतून सतत अल्प प्रवाह वाहत असतो आणि तो खंडित होणे हाच इशारा मानला जातो. यामुळे तार तुटल्यास ती गोष्ट आपोआप उघड होते. तथापि सर्वच बिघाड अशा रीतीने स्वतः होऊन व्यक्त होत नाहीत.

वऱ्हाडात १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग आला आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) येथील कापसाला परदेशांत मोठी मागणी आली. कापूस वटून सरकी वेगळी करणारे आणि रुईच्या गासड्या बांधणारे कारखाने, म्हणजेच जिन व प्रेस, अकोला, अमरावती व इतर गावी उभे राहिले. कापसाच्या खरेदी-विक्रीचे नियमन करणारा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ मध्ये झाला. या व्यापाराबरोबर दोन जोखमी आल्या : एक, ज्वलनशील मालाचे प्रचंड साठे आणि दुसरी, हंगामात हाताळली जाणारी मोठी रोकड. आग व चोरी यांपासून संरक्षण हा या भागातील व्यवसायाचा तेव्हापासूनचा प्रश्न आहे.

घटक : कोणत्याही इशारा यंत्रणेत साधारणतः पाच घटक असतात : (१) धोका ओळखणारा अभिज्ञातक, (२) संदेश वाहून नेणाऱ्या तारा किंवा रेडिओ दुवा, (३) संदेशाचा अर्थ लावणारा नियंत्रण फलक, (४) वीज गेल्यावर ऊर्जा पुरविणारी घटमाला आणि (५) घंटा, भोंगा वा दूरध्वनी संदेश यांसारखे सूचक साधन. सूचना मिळाल्यावर काय करावयाचे हे जाणणारा मनुष्य हा सहावा घटक होय. हे घटक साखळीच्या कड्यांप्रमाणे असतात. त्यांपैकी एक निकामी झाला, तर उरलेले उत्तम स्थितीत असूनही उपयोगी पडत नाहीत.

सुप्त बिघाड व तपासणीचा काळ : जो बिघाड प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत लपून राहतो, त्याला सुप्त बिघाड म्हणता येईल. तपासणीची वारंवारता किती असावी, हे साध्या गणिताने समजते. एखादा घटक सरासरीने दहा वर्षांतून एकदा बिघडतो असे मानू. तो वर्षातून एकदाच तपासला, तर बिघाड सरासरीने सहा महिने लपून राहील. दहा वर्षांचे १२० महिने होतात. म्हणजे त्यांपैकी सहा महिने, अथवा एकूण काळाच्या ५ टक्के काळ, तो घटक निकामी असताना चांगला समजला जाईल. तोच घटक दरमहा तपासला, तर बिघाड सरासरीने अर्धा महिनाच लपेल आणि हे प्रमाण २४० मध्ये एक एवढे खाली येईल.

असे पाच घटक साखळीत असल्यास वार्षिक तपासणीत संपूर्ण यंत्रणा निकामी असण्याची शक्यता सुमारे २३ टक्के, तर मासिक तपासणीत सुमारे २ टक्के येते. घटक तेच, त्यांचा दर्जा तोच, परंतु केवळ तपासणीचा काळ बदलल्याने विश्वासार्हतेत दहापटीहून अधिक फरक पडतो. महाग यंत्रणा घेऊन तिच्याकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा साधी यंत्रणा नियमित तपासणे अधिक हितावह ठरते, ते यामुळेच.

हवामानाचा परिणाम : अकोला व अमरावती येथे मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५° से. च्या पुढे जाणे नवीन नाही. पत्र्याच्या छपराखालील हवा त्याहूनही तापते. या उष्णतेचा परिणाम यंत्रणेच्या निरनिराळ्या भागांवर निरनिराळ्या प्रकारे होतो.

शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य साधारणतः २५° से. तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. तापमानात दर १०° से. वाढ झाली की ते जवळजवळ निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. त्यामुळे पुस्तकात चार-पाच वर्षे सांगितलेली घटमाला वऱ्हाडातील बंद खोलीत त्यापूर्वीच संपुष्टात येऊ शकते. शिवाय प्रभारक जोडलेला असेपर्यंत निकामी घटमालेच्या अग्रांवरही योग्य व्होल्टता दिसते. प्रभारक तोडून आणि प्रत्यक्ष भार देऊन पाहिल्याशिवाय तिची खरी स्थिती कळत नाही. मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यावर यंत्रणेने सुमारे २४ तास जागे राहावे आणि त्यानंतरही अर्धा तास घंटा वाजविता यावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. उन्हाळ्यात व वादळी पावसात वीज वारंवार जाते, म्हणजेच घटमाला ज्या काळात दुर्बल असते त्याच काळात तिची गरज अधिक लागते.

चोरीचा इशारा देणारे अवरक्त अभिज्ञातक मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या, सुमारे ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीच्या उष्णता प्रारणातील बदल ओळखतात. शरीर आणि पार्श्वभूमीची भिंत यांच्या तापमानांतील फरकावर त्यांचे कार्य अवलंबून असते. उन्हाळ्यात बंद खोलीतील भिंती ३५° ते ३७° से. पर्यंत तापल्या, म्हणजे हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि अभिज्ञातकाची संवेदनक्षमता घटते. डिसेंबरमध्ये घेतलेल्या चाचणीवरून मे महिन्यातील कार्याची खात्री देता येत नाही. त्यासाठी ऐन उन्हाळ्यात खोलीतून प्रत्यक्ष चालून चाचणी घ्यावी लागते.

ठराविक तापमानास कार्य करणारे उष्णता-अभिज्ञातक पुष्कळदा ५७° से. साठी बनविलेले असतात. तापलेल्या छपराखाली ते आग नसतानाही इशारा देण्याचा संभव असतो, म्हणून तेथे अधिक तापमानाचे अभिज्ञातक निवडावे लागतात. मृग नक्षत्राच्या सुमारास होणाऱ्या विजांच्या कडकडाटाने तारांमध्ये क्षणिक उच्च व्होल्टता निर्माण होऊन नियंत्रण फलकातील इलेक्ट्रॉनीय भाग जळतात. नंतरच्या दमट हवेने विद्युत् स्पर्शक गंजतात. उंदीर तारा कुरतडतात, तर पाली व कोळी अभिज्ञातकांत आश्रय घेतात.

कापूस कारखान्यांतील प्रश्न : जिनमध्ये दोन रुळांच्या वटणयंत्रांनी सरकीपासून रुई वेगळी करतात आणि प्रेसमध्ये तिच्या साधारणतः १७० किग्रॅ. वजनाच्या गासड्या (वऱ्हाडात रूढ शब्द गठाण) बांधतात. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर आपटून उडालेली ठिणगी, तापलेले धारवे, रुळाचे घर्षण, सैल विद्युत् जोड, विडीचे थोटूक ही आगीची नेहमीची कारणे होत. रुईच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. त्यामुळे दाबून बांधलेल्या गासडीच्या पोटातही ठिणगी ज्वाळेशिवाय धुमसत राहू शकते. असा विस्तव काही वेळा कित्येक दिवसांनी बाहेर पडतो. म्हणून संशयित गासड्या इतर मालापासून दूर, उघड्यावर ठेवून त्यांवर लक्ष ठेवण्याची पद्धत आहे.

अशा ठिकाणी धुराचा लवकर शोध लागणे अत्यावश्यक असते, परंतु तेथील हवेतील तंतू व धूळ धूर-अभिज्ञातकांना सर्वाधिक अपायकारक ठरतात. प्रकाशविद्युत् प्रकारच्या अभिज्ञातकात एक काळी कोठडी असते. तीत धूर शिरला की प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन तो ग्राहक घटकावर पडतो आणि इशारा मिळतो. कोठडीत धूळ साचली, तर धुराशिवायही प्रकीर्णन होऊन खोटा इशारा मिळतो. उलट प्रकाशाचा उगम किंवा ग्राहक धुळीने झाकला गेला अथवा जाळीची छिद्रे तंतूंनी बुजली, तर धूर असूनही इशारा मिळत नाही. आयनीकरण प्रकारच्या अभिज्ञातकातील अमेरिसियम–२४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे असल्याने ते संपत नाही. मात्र कोठडीतील धूळ व दमटपणा यांमुळे तोही निरुपयोगी होतो. हे अभिज्ञातक छताच्या सर्वांत उंच भागी असतात, त्यामुळे त्यांची स्वच्छता टाळण्याकडेच कल होतो.

कारखान्यांचा हंगाम हाही विचारात घ्यावा लागतो. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेले जिन उन्हाळ्यापर्यंत चालतात व नंतर काही महिने बंद असतात. बंद काळात तारा व घटमाला दुर्लक्षित राहतात आणि हंगाम सुरू होताच अभिज्ञातकांवर तंतूंचा थर बसू लागतो. म्हणून एक सर्वंकष तपासणी हंगामापूर्वी आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत वारंवार स्वच्छता, हा क्रम येथे योग्य ठरतो. वटणयंत्रांच्या आवाजात घंटा ऐकू येते की नाही, हे यंत्रे चालू असतानाच पाहावयास हवे. सामान्यतः इशाऱ्याचा ध्वनी ६५ डेसिबेल किंवा परिसरातील आवाजापेक्षा ५ डेसिबेल अधिक, यांपैकी जे जास्त असेल तेवढा अपेक्षित असतो. ते साध्य नसेल, तर लुकलुकणाऱ्या दिव्यांची जोड द्यावी लागते. सरकीच्या तेलगिरण्या व डाळगिरण्या यांतही धुळीचा प्रश्न याच स्वरूपाचा असतो.

खोटे इशारे : देखभालीअभावी होणारा सर्वांत घातक परिणाम यंत्रात नव्हे, तर माणसांच्या मनात घडतो. धूळ, पाल किंवा सैल जोड यांमुळे घंटा वारंवार विनाकारण वाजली, की प्रथम लोक जागचे हलत नाहीत आणि पुढे कोणीतरी घंटा बंद करून ठेवतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे खऱ्या संकटाच्या वेळी त्यांचा विश्वास उरलेला नसतो. यात दोष त्यांच्या बेफिकिरीला देऊन भागत नाही. अविश्वास हा त्यांनी अनुभवावरून काढलेला निष्कर्ष असतो. प्रत्येक खोट्या इशाऱ्याचे कारण शोधून ते दूर करणे, हाच त्यावरील उपाय होय. घंटा बंद करणे हा उपाय नव्हे.

दुर्लक्षाचे परिणाम : भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी रसायनाची टाकी थंड ठेवणारी प्रशीतन यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती आणि निसटणारा वायू जाळून टाकणारा मनोरा नळीचा गंजलेला भाग बदलावयाचा असल्याने सेवेबाहेर होता. नागरिकांसाठी असलेला भोंगाही सुरुवातीस थोडाच वेळ वाजवून बंद करण्यात आला. कारखान्यात संरक्षक साधने नव्हती असे नाही. ती होती, पण त्या रात्री कार्यक्षम नव्हती.

विदर्भातील भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे नवजात शिशूंच्या विशेष काळजी कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश देण्यात आले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत अकरा रुग्ण मरण पावले. स्वतः उठून बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत इशाऱ्याला लागलेला प्रत्येक मिनिटाचा विलंब निर्णायक ठरतो. म्हणून रुग्णालये, बालगृहे व वसतिगृहे यांतील यंत्रणांची तपासणी इतर इमारतींपेक्षा अधिक काटेकोर असावी लागते.

देखभालीची पद्धती : तपासणीची कामे काळानुसार विभागणे सोयीचे असते. रोज नियंत्रण फलकावरील दिवे पाहून दोषाची सूचना नोंदवितात. आठवड्यातून एकदा एखादी हाताने दाबावयाची कळ वापरून घंटा वाजवितात. प्रत्येक आठवड्यात वेगळी कळ निवडल्यास तेरा कळा असलेल्या इमारतीत तीन महिन्यांत सर्व कळांची पाळी येते. दरमहा वीजपुरवठा तोडून घटमालेची भाराखाली परीक्षा घेतात. तीन ते सहा महिन्यांनी (जिनमध्ये याहून लवकर) अभिज्ञातक स्वच्छ करतात. वर्षातून एकदा प्रत्येक अभिज्ञातकाला कृत्रिम धूर किंवा उष्णता देऊन संपूर्ण साखळी तपासतात. दारे-खिडक्यांवरील चुंबकीय स्पर्शक एकेक उघडून पाहतात. चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत पडद्यावर चित्र दिसणे पुरेसे नसते. मागील दिवसांचे चित्रण खरोखर साठविले गेले आहे काय, त्यातील चेहरा ओळखू येतो काय आणि त्यावरील दिनांक व वेळ बरोबर आहे काय, हे चित्रण परत लावूनच समजते.

देखभाल करताना नवे दोष उत्पन्न होणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी लागते. दुरुस्तीसाठी बंद केलेली झडप किंवा वगळलेला विद्युत् मार्ग पुन्हा चालू करण्याचे राहून जाते, हा नेहमीचा अनुभव आहे. त्यासाठी जो भाग बंद केला, त्याची पाटी लावणे, नोंदवहीत वेळ लिहिणे आणि काम संपल्यावर दुसऱ्या व्यक्तीने खात्री करणे हा नियम पाळतात. वार्षिक देखभाल करार केल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. तंत्रज्ञाच्या भेटीच्या पावतीवरून तो येऊन गेल्याचे कळते, पण चाचणी झाली की नाही हे कळत नाही. म्हणून चाचणी कारखान्यातील किंवा संस्थेतील जबाबदार व्यक्तीसमक्ष होणे इष्ट असते. रात्रपाळीच्या रखवालदारालाही घंटेचा अर्थ, विजेचा मुख्य खटका, बाहेर पडण्याचे मार्ग व अग्निशमन दलास कळविण्याची रीत माहीत असावी लागते.

कायदा व मानके : आगीची स्वयंचलित सूचना देणाऱ्या यंत्रणांची निवड, उभारणी व देखभाल यांसाठी आयएस २१८९ आणि हाताने वापरावयाच्या अग्निशामकांसाठी आयएस २१९० ही भारतीय मानके आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आगप्रतिबंधक साधने बसवून ती सदैव सुस्थितीत ठेवणे बंधनकारक असून, तसे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. ही कायद्याने सांगितलेली किमान मर्यादा होय. जुलैमध्ये जिन बहुधा बंद असतो आणि जानेवारीत हंगाम भरात असतो. त्यामुळे दिवाळीनंतरच्या आठवड्यांत साचलेल्या धुळीचा विचार जुलैच्या प्रमाणपत्रात येऊ शकत नाही. ती उणीव कारखान्याने स्वतःच्या वेळापत्रकाने भरून काढावी लागते.

बँकांच्या तिजोरी-कप्प्यांबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारित सूचना काढल्या. त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. बँकेच्या हयगयीमुळे आग, चोरी, दरोडा किंवा इमारत कोसळणे अशा घटनांत कप्प्यातील वस्तूंची हानी झाल्यास, तसेच कर्मचाऱ्याने केलेल्या अफरातफरीत, बँकेचे दायित्व कप्प्याच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरविण्यात आले आहे. ही रक्कम ठेवलेल्या दागिन्यांच्या किंमतीशी निगडित नसल्याने खातेदाराच्या दृष्टीने भरपाईपेक्षा तिजोरीची इशारा यंत्रणा चालू असणे अधिक मोलाचे असते.

देखभालीचा खर्च दरवर्षी हिशेबात दिसतो, तर तिच्यामुळे टळलेली हानी कोणत्याही हिशेबात दिसत नाही. यामुळे काटकसरीच्या वेळी सर्वप्रथम याच खर्चावर गदा येते. जिनच्या आवारात हंगामात साठलेला कापूस ही शेकडो शेतकरी कुटुंबांच्या वर्षभराच्या श्रमांची मिळकत असते आणि तिचे रात्रभर रक्षण छताखालच्या काही लहान उपकरणांवर सोपविलेले असते. ती जागी आहेत की नाहीत, हे त्यांना ठराविक काळाने विचारून पाहणे, एवढेच नियमित तपासणीचे प्रयोजन आहे.